हवेला वाट करून देणारे आप्पा

आप्पांना कुणी विचारलं, "तुमी नेमकं काय करता?" तर ते फिटर आहे म्हणायचे नाहीत, वेल्डर आहे म्हणायचे नाहीत, रेल्वेतून रिटायर झालोय असंही सांगायचे नाहीत. "हवेला वाट करून देतो," एवढंच म्हणायचे आणि समोरचा माणूस हसायच्या आत हातातल्या कामाला लागायचे.

मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं काम केलं. शिरूरला नगर रोडला लागून एक पत्र्याचं शेड होतं. आजूबाजूच्या कारखान्यांसाठी तिथं टाक्या, ब्लोअरचे डक्ट, डेअरीचे पाईप बनायचे. मी तिथं ड्रॉइंग काढायला होते. आयटीआयच्या आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो आणि कोर्सचं नाव ड्राफ्ट्समन. शेडमध्ये मला सगळे ड्रॉइंगबाई म्हणत. मालक शेठ अरे-तुरेच्या वरताण 'ए बाई' म्हणायचा. आप्पा वयानं माझ्या वडिलांएवढे, पण पहिल्या दिवसापासून मला अहो-जाहो करायचे. मी दोनदा म्हटलं, "आप्पा, मी लहान आहे तुमच्यापेक्षा." तर म्हणाले, "वयानं लहान. मापानं न्हाई. तुमचं एक माप चुकलं तर माझी चार दिवसांची मेहनत भंगारात. मी तुमाला 'तू' कसं म्हनू?"

त्याच आठवड्यात त्यांनी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं. 'काढणार' आणि 'तपासणार' असे दोन रकाने असतात तिथं. शेडच्या सगळ्या कागदांवर दोन्ही ठिकाणी शेठची सही असायची. आप्पांनी मला पेन दिलं. "ज्यानं काढलं त्येचं नाव. ज्यानं तपासलं त्येचं नाव. तिसऱ्याचं काय काम?" शेठला ते आवडलं नाही. पण आप्पांसारखं ॲल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग करणारा माणूस पुण्यापर्यंत सापडला नसता, म्हणून तो गप्प बसला. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझं पूर्ण नाव इंजिनिअरिंगच्या कागदावर लिहिलं.

आप्पा दौंडचे. रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस म्हणून लागले आणि फिटर म्हणून बाहेर पडले. सोमवारी सकाळच्या एसटीनं शिरूरला यायचे, आठवडाभर एका खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. बारीक अंगाचे, पांढरा सदरा नेहमी कडक इस्त्रीचा, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. हे बोळे म्हणजे त्यांची ओळखच होती. शेडमध्ये हातोडे, ग्राइंडर, पत्रे यांचा दिवसभर नुसता दणका. बाकीच्यांना त्याचं काही वाटायचं नाही. आप्पा म्हणायचे, "माझ्याबरूबरचे सगळे फिटर आज बहिरे हायेत. डोळ्याला चष्मा भेटतो. कानाला काय भेटतं?" माणसाशी बोलताना ते बोळे तसेच राहायचे. इंजिन सुरू झालं की मात्र दोन्ही काढून खिशात ठेवायचे. शेठला त्यांची खरी चीड यायची ती यामुळेच. आपण बोलताना कान बंद आणि मोटार बोलायला लागली की उघडे!

त्यांचं इंग्रजीही असंच कामापुरतं होतं. लोको शेडमध्ये कुणी टाकून दिलेलं इंजिनाचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी डिक्शनरी घेऊन चार वर्षं वाचलं होतं. त्यामुळं 'व्हॉल्युमेट्रिक' हा शब्द त्यांना बिनचूक यायचा आणि 'गुड मॉर्निंग'ला ते 'जय भीम' म्हणायचे.

दौंडला त्यांच्या घरी मी एकदाच जेवायला गेले. मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वाढता वाढता लग्नाची गोष्ट सांगितली. वऱ्हाड ट्रकमधून आलं होतं. मुहूर्ताची वेळ झाली आणि नवरदेवाचा पत्ता नाही. शोधाशोध झाली तर हळदीच्या अंगानं बोनेटखाली डोकं घालून उभा. "माझ्या बापाला म्हनला, मामा, ह्या ट्रकचं टायमिंग कुनी लावलंय? परत जाताना पोरगी ह्येच्यात बसवायची न्हाई. आन् टायमिंग लावूनच मांडवात आला." आप्पा शेजारी भाकरी मोडत होते. शांतपणे म्हणाले, "बसवली का न्हाई मग नीट घरापतूर?"

असा माणूस आणि वडगाव रासाईच्या माळावरचं विमान यांची गाठ पडली, ती एका पाईपामुळं.

वडगाव रासाईला भीमेच्या काठी एका निवृत्त हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची वडिलोपार्जित जमीन होती. गावात त्यांना कमांडरसाहेब म्हणत. नोकरी संपवून ते परत आले, कांदा-ऊस भावावर सोडला आणि गोठ्याच्या शेजारी मोठी शेड घालून विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं, लहान, लाकडाच्या आणि पाईपच्या सांगाड्याचं. परवानगीचे कागद दिल्लीला जात-येत होते आणि विमान वर्षाला हातभर वाढत होतं. इंजिन त्यांनी एका जपानी गाडीतलं निवडलं होतं, रोटरी. आम्ही सगळ्यांनी आयुष्यात वर-खाली होणारी पिस्टनचीच इंजिनं पाहिलेली. रोटरी म्हणजे काय हे मला आप्पांनी शेडबाहेरच्या गाडीवरून आणलेला समोसा हातात धरून समजावलं. "लांबट डबा हाय. त्येच्यात असा फुगीर समोसा फिरतो. तिन्ही कोपरं डब्याला घासत जात्यात. एका बाजूनं हवा-पेट्रोल आत घेतो, पुढं जाऊन दाबतो, जाळतो, आन् दुसऱ्या बाजूनं धूर सोडतो. वर-खाली कायबी न्हाई. म्हून थरथर कमी. विमानाला झ्याक." मग समोसा खाऊन टाकला. असे दोन समोसे, दोन डबे, एका दांड्यावर.

अडचण मॅनिफोल्डची होती. कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळतं. तिथून ते इंजिनाच्या तोंडापर्यंत नेणारे पाईप म्हणजे मॅनिफोल्ड. गाडीतला मॅनिफोल्ड ओतीव, जड आणि उंच होता. विमानाच्या नाकात तो मावत नव्हता. कमांडरसाहेबांना हलका, नव्या आकाराचा हवा होता. ते आमच्या शेडमध्ये आले तेव्हा त्यांच्याकडे एक स्केच होतं. सरळ, आखूड, सुबक. आप्पांनी ते पाहिलं आणि परत दिलं.

"सायेब, ह्ये दिसायला चांगलं हाय. पर हवा गिऱ्हाईक असती. वाट खराब दिसली की मागं फिरती. तुमी तिला एकदम काटकोनात वळवताय."

कमांडरसाहेब रागावले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मग तुम्ही सांगा."

पुढचे पाच महिने आमच्या शेडच्या एका कोपऱ्यात टाक्या सोडून दुसरंच काहीतरी चालू होतं. आप्पांनी लाकडाचा अर्धा पाईप कोरला, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ठोकलं आणि आत गजऱ्याचे दोरे चिकटवले. एका बाजूनं ब्लोअर उलटा लावून हवा ओढायची. जिथं दोरे सरळ ताणलेले राहतील तिथं वाट चांगली. जिथं दोरे गोल फिरतील तिथं हवा अडखळतेय. मग ते वळण तासायचं, मला नवं माप द्यायचं, मी नवं ड्रॉइंग काढायचं. अशी एकतीस ड्रॉइंगं मी काढली. प्रत्येकावर दोघांच्या सह्या.

त्या उन्हाळ्यात खुटबावला, आमच्या गावी, माझ्या भावाचं लग्न होतं. आप्पांना बोलावलं होतं. जेवायच्या वेळी ते दिसेनात म्हणून मी शोधायला गेले, तर मांडवामागं बँडवाल्यांच्या पंगतीत बसलेले. मांडीवर सगळ्यात मोठं पितळी वाजंत्र आडवं, आणि त्याचं रुंद तोंड पट्टीनं मोजत होते. बँडमास्तर कौतुकानं बघत होता. मला बघून आप्पा म्हणाले, "बाई, ह्ये बघा. फुंकर बाहेर जाताना जशी पसरती, तशीच आत येताना गोळा झाली पायजे. आपल्या पाईपाचं तोंड सरळ कापलंय आपुन. गाढव हाय मी." सोमवारी मी पाईपाच्या तोंडाला घंटेसारखा आकार काढला. त्या बदलानं इंजिनाचा जोर दिसण्याइतका वाढला.

जोर मोजायची पद्धतही त्यांचीच. वडगावच्या माळावर विमानाची शेपटी दोरखंडानं बाभळीला बांधायची आणि मध्ये कांद्याची पोती तोलायचा टांगता काटा अडकवायचा. इंजिन पूर्ण सोडलं की विमान पुढं ओढणार, काटा फिरणार. कमांडरसाहेब आत बसायचे, मी काट्यापाशी वही घेऊन, आणि आप्पा पंख्यापासून लांब, डोळे मिटून. पाईपाची लांबी बोटभर कमी करायची, पुन्हा मोजायचं. मी विचारलं, एवढ्यानं काय फरक पडतो? त्यांनी मला विमानाच्या शेडमागच्या दोन खोल्यांत नेलं. एका खोलीचं दार त्यांनी जोरात आपटलं. पलीकडच्या खोलीचं उघडं दार हललं. "एक समोसा तोंड मिटतो तवा पाईपात असा धक्का बसतो. तो धक्का पाईपातनं पळत दुसऱ्याकडं जातो. तिथं दार अजून उघडं असंल तर हवा फुकटात आत ढकलली जाती. बंद झालं असंल तर धक्का वाया. लांबी म्हंजी वेळ, बाई. आपुन वेळ कापतोय."

बाविसाव्या कापाला काटा सगळ्यात पुढं गेला. तेविसाव्याला मागं आला. आप्पांनी बाविसाव्याचं माप माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

शेवटी जो मॅनिफोल्ड तयार झाला तो म्हणजे इंजिनाच्या खालून वळसा घेऊन वर येणारे दोन चकचकीत पाईप होते. लांब असल्यामुळं ते थोडे हलायचे. त्यांना एकमेकांना बांधणं भाग होतं. ते काम आप्पांनी माझ्यावर सोपवलं. मी दोन्ही पाईपांवर छोटे ठोकळे वेल्ड करून मध्ये पट्टी बोल्ट करायची असं काढलं. पट्टी लोखंडाची. ॲल्युमिनियमपेक्षा लोखंड मजबूत, एवढाच माझा हिशेब. आप्पांनी ड्रॉइंग अर्धा तास पाहिलं आणि सही केली. इंजिन महिनाभर जमिनीवर सुरळीत चाललं. विमान माळावरच्या मुरमाच्या पट्टीवरून न उडता नुसतं धावूनही आलं.

परवानगी आली. पहिल्या उड्डाणाचा दिवस ठरला आणि कमांडरसाहेबांच्या भावानं उत्साहानं सगळ्या पंचक्रोशीला आवतण दिलं. सरपंच, शाळेची पोरं, तालुक्याचे साहेब, पुण्याचे दोन पत्रकार. भाताची पातेली चुलीवर चढली. आमचा शेठ पांढरे कपडे घालून आला होता आणि 'आमच्या शेडचं काम' असं प्रत्येकाला सांगत होता.

कमांडरसाहेबांनी इंजिन सुरू केलं. आप्पांनी कापूस काढून खिशात ठेवला. विमानाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेले, थांबले, परत आले. मग हात वर करून खूण केली : जरा कमी करा. कॉकपिटजवळ गेले.

"सायेब, शिट्टी वाजतीय."

कमांडरसाहेबांनी कान दिला. मीही दिला. मला काहीच ऐकू आलं नाही.

"आप्पा, सगळे काटे जिथं पाहिजेत तिथं आहेत."

"काटं खरं बोलत्यात. शिट्टीबी खरं बोलती. कुठंतरी पाईप हवा चोरतोय."

पाईपाच्या एखाद्या चिरेतून जास्तीची हवा शिरली की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन नको तितकं तापतं. जमिनीवर ते बंद करता येतं. भीमेच्या वर बंद पडलं तर काय, हे आम्हा तिघांना न बोलता माहीत होतं. पण कमांडरसाहेब या क्षणाची कितीतरी वर्षं वाट बघत होते, आणि चारशे माणसं माळावर उभी होती.

"पंख्याच्या वाऱ्याचा आवाज असेल. मी दोन फेऱ्या मारतो आणि उतरतो, आप्पा."

आप्पा पंखाच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, पायरीवर पाय दिला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. पट्टा लावता येईना, तेव्हा त्याची टॉवेलसारखी गाठ मारली.

"चला."

"आप्पा, पहिल्या उड्डाणाला दुसरा माणूस नेता येत नाही."

"का न्हाई?"

"धोका असतो."

"मंग तुमी कशाला निघालाय?"

कमांडरसाहेबांनी हात पुढं करून इंजिन बंद केलं. पंखा थांबला तेव्हा माळावर एवढी शांतता झाली की पातेल्यातल्या भाताचा खदखद आवाज ऐकू आला.

मॅनिफोल्ड उतरवला. आप्पांनी त्याची तोंडं रबर आणि लाकडी फळ्या लावून बंद केली, एका तोंडात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, पंपानं हवा भरली आणि गुरांच्या हौदात तो बुडवला. पंक्चर काढतात तसा. माणसं हौदाभोवती गोळा झाली. एकही बुडबुडा आला नाही.

कुणीतरी हसलं. शेठचा चेहरा लाल झाला. "आप्पा, म्हातारपणी काय हे! लोकांसमोर इज्जत घालवली माझी."

आप्पा पाण्याकडेच बघत होते. "आत्ता गार हाय त्यो. गार असताना बोलायचा न्हाई. उकळतं पानी द्या."

उकळतं पाणी फक्त आचाऱ्याकडं होतं. तो पातेलं द्यायला तयार नव्हता. दुसरा भात टाकायचाय म्हणाला. मी त्याच्याशी भांडले. आजही आठवतं, मी डोक्यावरचा पदर कमरेला खोचून मोठ्यानं बोलले होते, कारण माझी खात्री होती की काहीच निघणार नाही आणि हा प्रकार लवकर संपलेला बरा. पातेलं उतरवून आणलं, उकळी बसू दिली. मॅनिफोल्ड त्यात सोडला. आम्ही वाट बघितली.

आधी एक आला. मग मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक, दोऱ्यात ओवल्यासारखे वर येऊ लागले. एका ठोकळ्याच्या वेल्डिंगच्या कडेनं. माझ्या ठोकळ्याच्या.

कमांडरसाहेब गुडघ्यावर बसले. केसाएवढी चीर होती. "आप्पा, हे कसं झालं?"

आप्पांनी पट्टीवर बोट ठेवलं. "पाईप ॲल्युमिनियमचा. तापला की जास्त वाढतो. पट्टी लोखंडाची. ती कमी वाढती. दर वेळंला तापला की पट्टीनं त्येला मागं ओढलं. ओढून ओढून फाडला."

"लोखंडाची पट्टी कुणी दिली?" शेठनं विचारलं.

आप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. "बाईंनी काढली. मी तपासली. दोघंबी चुकलो."

एवढ्या माणसांत त्यांनी माझं नाव घेतलं. मला वाटलं होतं ते सांभाळून घेतील, काहीतरी गोलमोल बोलतील.

"बाईमाणसाकडं इंजिनाचं ड्रॉइंग द्यायलाच नको होतं," शेठ म्हणाला.

तेव्हा आप्पा उभे राहिले. "बाईंचं चुकलं म्हून बाईला द्यायचं न्हाई. माझं चुकलं म्हून मलाबी द्यायचं न्हाई. मंग नवा कोन करतंय, बोला शेठ." कमांडरसाहेबांनी लोकांपुढं हात जोडले, आज जेवून जा म्हणाले, आणि चारशे माणसं विमानाऐवजी भात-आमटीवर खूश होऊन गेली.

मी दोन दिवस कामावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले ती भांडायलाच. "आप्पा, माझं नाव का घेतलंत? चारचौघांत?"

आप्पांनी ड्रॉइंगचा गठ्ठा पुढं ओढला आणि एकेक कागद उलटायला लागले. "ह्ये बरोबर, तुमची सही. ह्ये बरोबर, तुमची सही. घंटेचं तोंड बरोबर, तुमची सही. ह्ये सगळं तुमचं हाय ना? का कुनाला देताय?"

"माझंच आहे."

"मंग त्येबी तुमचंच. मी त्ये झाकलं असतं, तर लोक म्हनले असते बाकीचंबी म्हाताऱ्यानंच काढलं. पोरगी नुसती रेषा वढती. आन् माझीबी सही हुती. मला तर रेल्वेनं तीस वर्षं पगार दिला ॲल्युमिनियम-लोखंडाचा फरक कळावा म्हून."

राग कुठं गेला ते कळलं नाही. मी बोर्डावर कागद लावला.

पट्टीचं उत्तर मला खुटबावच्या आमच्या विहिरीनं दिलं. मोटार सुरू झाली की पाण्याचा पाईप झटका खातो. माझे वडील तो काठाशी तारेनं आवळत नसत. टायरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधत. पाईपाला जागेवर ठेवायचं, पण हलायची मुभा द्यायची. मी दोन्ही पाईपांना वेल्डिंग न करता बाहेरून कडी घातली, आत रबर, आणि मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी. तापा, वाढा, हला. फाटायचं कारण नाही. आप्पांनी ते ड्रॉइंग अर्धा तास नाही, पूर्ण दिवस पाहिलं. संध्याकाळी विचारलं, "कुठनं आनलं?"

"आमच्या विहिरीवरनं."

"व्हय?" म्हणाले आणि सही केली. पुढच्या शनिवारी दौंडला न जाता माझ्याबरोबर खुटबावला आले, विहिरीवर वाकून ते ट्यूबचं बांधकाम पाहिलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मामा, इंजिनेर घरातच हाय तुमच्या. दोन हायेत." माझे वडील बोलणारे नव्हते. त्यांनी आप्पांना निघताना पिशवीभर वांगी दिली.

नवा मॅनिफोल्ड उकळत्या पाण्यात तीन वेळा बुडवला. आठवडाभर इंजिन चालवलं. या वेळी कुणाला आवतण नव्हतं. सकाळी वारा पडलेला असताना कमांडरसाहेब एकटेच बसले. विमान पट्टीवर धावलं, चाकाखालचा मुरूम उडायचा थांबला, आणि ते वर गेलं. मी, कमांडरसाहेबांची बायको आणि त्यांचा भाऊ, आम्ही तिघं माना वर करून वेड्यासारखे ओरडत होतो. आप्पा कापूस खिशात ठेवून, विमानाकडे पाठ करून, मान खाली घालून उभे होते. बारा मिनिटं ते तसेच होते. उतरल्यावर कमांडरसाहेब पळत आले आणि त्यांनी आप्पांना उचललंच. खाली ठेवल्यावर आप्पा म्हणाले, "दुसऱ्या फेरीला थ्रॉटल एकदम मागं वढला तुमी. हळू घेत जावा."

चाचणीचे सगळे तास पूर्ण व्हायला हिवाळा उजाडला. मग दुसरा माणूस न्यायची मोकळीक मिळाली. कमांडरसाहेबांनी आम्हाला निरोप पाठवला : पहिला मान आप्पांचा. आम्ही दोघं वडगाव रासाईला गेलो. शेजारची खुर्ची पुसून ठेवली होती, पट्टा कसा लावायचा ते साहेबांनी स्वतः करून दाखवलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बोट केलं.

"बाईंना न्या."

"आप्पा, आधी तुम्ही," मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं तसं.

"मला वर काय बघायचंय? बाई, बसा. तुमचं काम कसं चाललंय त्ये तुमी बघायला पायजे."

मी बसले. साडीचा घोळ मांडीखाली दाबून धरला. इंजिन सुरू झालं आणि पायाखालून, खुर्चीतून, पाठीच्या मणक्यातून ते बोलायला लागलं. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. पण त्या आवाजातला प्रत्येक पाईप, प्रत्येक वळण, प्रत्येक कडी माझ्या माहितीची होती. मुरमाची पट्टी मागं पळाली, झाडं खाली गेली, आणि भीमा एकदम सबंध दिसली, एवढी लांब की ती रोजचीच नदी आहे हे पटेना. अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. खुटबावच्या दिशेला हिरवे-पिवळे तुकडे. कमांडरसाहेबांनी विमान हळूच कलतं केलं आणि ओरडून म्हणाले, "काही ऐकू येतंय का?"

"सगळं ठीक आहे!" मी ओरडले. माझी खात्री होती.

वळून परत येताना मी माळावर आप्पांना शोधलं. विमानाच्या शेडपाशी नव्हते. बाभळीखाली नव्हते. मग दिसले. एसटीच्या फाट्याकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर पांढरा सदरा. आम्ही उतरेपर्यंत थांबले नव्हते. त्यांची दौंडची गाडी होती. साहेबांनी त्यांना ओळखलं आणि विमान त्या वाटेवरून नेलं. आमची सावली त्यांच्या अंगावरून गेली तरी त्यांनी मान वर केली नाही. फक्त चाल मंद केली, इंजिन डोक्यावरून पुढं निघून जाईपर्यंत उभे राहिल्यासारखे झाले, आणि मग परत नेहमीच्या वेगानं चालायला लागले.